पडीक असल्यास कारण

गौतम खिल्लारे उभ्या पिकात शिरण्याआधी चपला काढायचे. शाळेच्या व्हरांड्यात ठेवाव्यात तशा, टाचा एका रेषेत आणून त्या बांधावर ठेवायचे. सुरुवातीला मला वाटलं, श्रद्धेचा भाग असेल. आमच्याकडे म्हातारी माणसं खळ्यात पाय ठेवताना काढतात तसा. एकदा विचारलं.

"न्हाई हो मॅडम," ते म्हणाले. "वावर पावलानं मोजतो. माझं पाऊल अनवाणी मोजलेलं हाय. पंच्याहत्तर सेंटीमीटर. चपलेनं दोन वाढतं."

उपग्रहाच्या चित्रांवरून पिकांची पाहणी करायची एक सरकारी योजना होती, तिच्यात मी लागले ते शहाऐंशी साली. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., वय चोवीस, मानवतच्या कदमांची मुलगी. घरी कापूस-धान्याचा व्यापार, शिवाय बरीच जमीन. त्यामुळे शेत म्हणजे काय ते मला कळतं, असा माझा समज होता. परभणीत जिंतूर रोडला भाड्याच्या तीन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. मधल्या खोलीत एक टेबल, वर दुधी काच, काचेखाली ट्यूबलाइट. त्या काचेवर उपग्रहानं काढलेली चित्रं पसरायची आणि भिंगातून बघत कुठं ज्वारी आहे, कुठं करडई, कुठं गहू, कुठं पाणी, ते ओळखायचं. मग जीप काढून त्या जागेवर जायचं आणि आपण ओळखलं ते खरं निघतं का ते पाहायचं. काम एवढंच होतं. वर्षानुवर्षं तेच.

योजनेचे प्रमुख पीएच.डी. झालेले होते, म्हणून त्यांना सगळे डॉक्टर म्हणायचे. गावात गेलो की लोक त्यांच्याकडे गुडघे घेऊन यायचे. जीप रहीमभाई चालवायचे. आणि शेतावरची पाहणी खिल्लारे करायचे. त्यांचं पद सहायकाचं, माझ्याहून एक पायरी खाली. पण काम त्यांनीच शिकवलं, म्हणून मी त्यांना सर म्हणायला लागले. "मी सर न्हाई, सहायक हाय," असं त्यांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मला काचेसमोर बसवलं. चित्रात सगळीकडे लाल. गोदावरीच्या काठानं गडद लाल पट्टे, मधे निळसर करडं, आणि नदी काळी.

"हिरवं कुठंय?" मी विचारलं.

"हिरवं ह्यात नसतं. जिवंत ते लाल. पाणी काळं. बाकी सगळं राखाडी."

मग त्यांनी कारण सांगितलं. ते मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. पान उजेडातला लाल भाग खातं आणि त्यावर आपलं अन्न शिजवतं. आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक उजेड असतो, तो पानाला नको असतो. तो ते परत फेकतं. पान जितकं धडधाकट, तितकं जास्त खातं आणि जास्त फेकतं. फेकलेला तो उजेड उपग्रह टिपतो, आणि आपल्याला दिसावा म्हणून चित्रात त्याला लाल रंग देतात. आमच्याकडे हातात धरायचं एक यंत्रही होतं, तेच मोजणारं. पट्ट्यानं गळ्यात अडकवायचं, पिकावर धरायचं, आकडा वाचायचा. आम्ही त्याला डबा म्हणायचो.

खिल्लारे म्हणजे उंच, सडपातळ माणूस. खिशात दोन पेन्सिली. पेन कधीच नाही, कारण दवात शाई पसरते. जेवणाचा डबा उभ्यानंच खायचे. खांद्याला कॅनव्हासची पाण्याची पिशवी असायची आणि दिवसभर त्याच पाण्यावर असायचे. कुठल्याही गावात, कुठल्याही दारात त्यांनी पाणी मागितल्याचं मला आठवत नाही. एखाद्यानं देऊ केलं तर पिशवी हलवून दाखवायचे, "हाय की." मला वाटायचं, पोटाला जपतात.

शेतकी पदवीचं शिक्षण त्यांनी तिसऱ्या वर्षाला सोडलं होतं, अठ्ठ्याहत्तर साली. त्यांच्या अर्जात तेवढंच होतं. मराठवाड्यात त्या सालाबद्दल पुढं काही विचारायची गरज नसायची. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगावच्या बौद्ध वस्त्या जळाल्या. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. आमच्या घरात त्यावर काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: पायाखाली आलं तरच लिहायचं.

राणीसावरगावच्या बाजूला एकदा आम्ही संध्याकाळच्या घाईत होतो. ओढ्यापलीकडच्या तुकड्यात करडई उभी होती, रस्त्यावरून स्वच्छ दिसत होती. मी जीपमधूनच तक्त्यात लिहिलं, करडई. खिल्लारेंनी तक्ता घेतला, खोडरबरानं ते पुसलं, खाली उतरले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि चिखलातून ओढा ओलांडून गेले. पंधरा-वीस मिनिटांनी परत आले आणि त्याच जागी लिहिलं, करडई.

"होतीच ना?" मी म्हणाले.

"मगाशी दिसत होती. आता हाय."

रहीमभाई पुढच्या सीटवरून म्हणाले, "साब, पैर धो लेव, जीप खराब होएगी." खिल्लारेंनी पिशवीतल्या पाण्यानं पाय धुतले. त्या दिवशी त्यांना प्यायला पाणी उरलं नाही. माझ्या थर्मासमधलं मी देऊ केलं. नको म्हणाले.

झरीला सखाराम आबांची रब्बीची ज्वारी आमच्या पाहणीत होती. आबा सत्तरीचे, बोलायला मोकळे. दर खेपेला आम्ही आलो की बांधावर येऊन बसायचे.

"त्या वरच्याला माझी बैलं दिसत्यात का?" त्यांनी एकदा विचारलं.

"न्हाई," खिल्लारे म्हणाले.

"घर?"

"न्हाई."

"मी?"

"तुमी तर मुळीच न्हाई, आबा."

"मग दिसतंय तरी काय त्याला?"

"तुमची ज्वारी जेवायलीय का न्हाई, ते."

आबा लय हसले. पण त्याच दिवशी उत्तरेच्या कोपऱ्यात डब्याचा आकडा खाली आला. खिल्लारेंनी पुन्हा मोजलं, मग डब्याची काच पुसून मोजलं. ज्वारी हिरवीगार होती, मला तर बाकीच्या रानात आणि त्या कोपऱ्यात काही फरक दिसेना.

"आबा, ह्या कोपऱ्यानं जेवण सोडलंय."

"डोळ्यानं बघा की साहेब. कशी माजलीय!"

बाराएक दिवसांनी आम्ही परत गेलो तेव्हा तो कोपरा आडवा झाला होता. खडखड्या रोग. ज्वारीचं ताट आतून पोकळ होतं, बुडाशी मोडतं, आणि वाऱ्यात वाळक्या ताटांचा खडखड आवाज येतो म्हणून ते नाव. मला, खरं सांगायचं तर, आनंद झाला. आम्ही डोळ्यांच्या आधी ओळखलं होतं. मी म्हणाले, "सर, आपण बरोबर निघालो!"

"हो," ते म्हणाले. मग डबा गळ्यातून काढत, "ओळखून काय झालं?"

त्यात कडवटपणा नव्हता. किती वाजले, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं. मग आबांजवळ जाऊन बसले आणि आडवी ज्वारी आजच कापून कडब्याला घ्या, उद्यावर टाकलं तर जनावरंही तोंड लावणार नाहीत, असं सांगितलं. आबांकडे विळा एकच होता. दुसरा रहीमभाईंनी शेजारच्या रानातून आणला, आणि दुपारपर्यंत खिल्लारे आबांबरोबर कापत होते. त्या दिवसाच्या तक्त्यात त्यांनी एकच शब्द लिहिला: आडवी.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती माझ्या घरची आहे.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात मानवतच्या शिवारात काम होतं आणि दुपारी मी सगळ्यांना आमच्या घरी नेलं. रहीमभाई जीपपाशीच थांबले. डॉक्टर आणि खिल्लारे ओसरीवर बसले. माझ्या काकूंनी बाहेर येऊन चौकशी केली, डॉक्टरांचं गाव विचारलं, मग खिल्लारेंकडे वळून म्हणाल्या, "तुमचं आडनाव काय म्हणलात?"

"खिल्लारे."

काकू आत गेल्या. चहा आला तेव्हा ताटात दोन कपबश्या होत्या आणि एक जर्मनचा पेला. पेला काकूंनी ताटातून उचलून खिल्लारेंच्या हातात दिला नाही. ओसरीच्या कडेला, त्यांच्याजवळ ठेवला.

"मी चहा घेत न्हाई, काकू," खिल्लारे म्हणाले.

तासाभरापूर्वी स्टँडवरच्या टपरीत आम्ही दोघांनी चहा घेतला होता, त्यांनी दोन कप घेतले होते. मी माझा कप उचलला. चहा गोड होता. डॉक्टर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मी काही बोलले नाही. बोलायचं सुचलं नाही असं नाही, सुचलं होतं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये खिल्लारेंनी मला जमिनीच्या ओलीचे आकडे वाचून दाखवायला सांगितले, मी वाचले, त्यांनी लिहून घेतले. त्यांच्या पाण्याच्या पिशवीचं कारण मला तेव्हा कळलं. कुणाला नाही म्हणायची वेळच येऊ नये म्हणून ते मागतच नव्हते.

त्यानंतरही आम्ही रोज सोबत काम करत होतो. काही बदललं नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर जुन्या चित्रांचं काम आलं. जिल्ह्याची दहा वर्षांपूर्वीची चित्रं मिळाली होती: एक अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीतलं, एक एकोणऐंशीच्या जानेवारीतलं. दोन्ही काचेवर शेजारी शेजारी ठेवायची. एका साली पीक आणि दुसऱ्या साली पडीक अशा जागा शोधायच्या, गट नंबर काढायचे आणि तक्ता भरायचा. तक्त्यात शेवटचा रकाना होता: पडीक असल्यास कारण. कारणांना आकडे दिलेले होते. एक म्हणजे पाण्याची टंचाई, दोन म्हणजे पाणथळ, तीन म्हणजे खारपड, चार म्हणजे इतर.

खिल्लारे भिंगातून बघून सांगायचे, मी लिहायची. चित्रातला एक ठिपका म्हणजे साधारण एकरभर जमीन. दिवसाला शंभरेक नोंदी व्हायच्या. तिसऱ्या दिवशी ते पूर्णेच्या काठाला आले. त्यांनी एका गावाचं नाव घेतलं, गट नंबर सांगितला. एरवी गट नंबरासाठी ते नकाशाची गुंडाळी उघडायचे, तेव्हा उघडली नाही.

"अठ्ठ्याहत्तरला चार ठिपके लाल," ते म्हणाले. "एकोणऐंशीला राखाडी. लिहा, पडीक."

मी लिहिलं. "कारण?"

ते भिंगातून बघत राहिले.

"आमचं हाय ते," ते म्हणाले.

मला कळायला वेळ लागला. त्यांनी भिंग खाली ठेवलं नाही, माझ्याकडे वळलेही नाहीत. चित्राकडे बघतच सांगितलं. ऑगस्टचा महिना होता. ते सुट्टीला म्हणून कॉलेजातून घरी आले होते. दिवस मावळायच्या सुमाराला लोक आले. आईला आणि बहिणीला घेऊन ते दुसऱ्याच्या हायब्रीड ज्वारीत शिरले, ज्वारी छातीएवढी होती. वडील सोबत निघाले होते, पण शेळ्या दाव्याला बांधलेल्या होत्या. ते सोडायला मागं फिरले.

"मग?" मी विचारलं.

"मग न्हाई आले." त्यांनी भिंग पुसलं. "आमी परभणीला आलो. रब्बीची पेरणी दसऱ्याला असती. कोण पेरणार? म्हणून राखाडी."

ट्यूबलाइट गुणगुणत होती. पलीकडच्या खोलीत डॉक्टर कुणाशी तरी फोनवर मोठ्यानं बोलत होते. मला वाटलं मला रडू येईल. आलं नाही. मी पेन्सिलीला टोक केलं.

"काय लिहू, सर?"

"चार."

"चार म्हणजे इतर."

"हो. इतर बरोबर हाय."

मी चार लिहिलं. त्यांनी पुढच्या गावाचं नाव घेतलं. त्या दिवशी आम्ही एकशे बारा नोंदी केल्या.

पुढच्या महिन्यात नव्या हंगामाच्या पाहणीसाठी चौकोन निवडायचे होते. जिल्ह्याच्या नकाशावर चौकोनांची जाळी आखलेली असायची आणि डॉक्टर आकड्यांच्या तक्त्यावरून, डोळे झाकून बोट ठेवावं तसे, चाळीस चौकोन निवडायचे. त्यातला एक त्याच गावावर पडला. आणि चौकोनातल्या पाच तुकड्यांत खिल्लारेंच्या शेताचा गट नंबर होता. डॉक्टरांना गाव माहीत होतं. त्यांनी खिल्लारेंना आत बोलावलं. मी तिथंच होते.

"खिल्लारे, आपण दुसरा चौकोन घेऊ. एवढं काही बिघडत नाही."

"नको, डॉक्टर. एक बदलला तर सगळेच बदलता येतील."

"मग कदम जातील. तुम्ही जाऊ नका."

"पाहणी माझी हाय," खिल्लारे म्हणाले.

एकोणनव्वदच्या जानेवारीत, सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही त्या गावाच्या शिवारात उतरलो. गावाचं नाव मी लिहीत नाही. खिल्लारेंनी रहीमभाईंना गावात शिरू दिलं नाही, नदीकडच्या गाडीवाटेनं जीप घ्यायला लावली. आधीचे चार तुकडे झाले. पाचव्याशी आम्ही आलो तेव्हा तिथं करडई फुलावर होती, सगळं रान पिवळं. बांधावर एक म्हातारा उभा होता, धोतर, डोक्याला पटका. बाबाराव त्याचं नाव, ते नंतर कळलं.

"कोण? गौत्या का रं?" तो म्हणाला. मग त्यानं जीप पाहिली, मला पाहिलं. "या की, गौतमराव."

खिल्लारेंनी चपला काढल्या. बांधावरून सरळ चालत गेले, शेवटपर्यंत. परत आले.

"एकशे चौऱ्याण्णव," ते मला म्हणाले. "दोनशे पाहिजे. माझं पाऊल मी ह्याच वावरात मोजलं होतं, कॉलेजात असताना." मग म्हाताऱ्याला म्हणाले, "बांध आत आलाय."

खिल्लारेंनी मीटरभराची लाकडी चौकट पिकात ठेवली, झाडं मोजली. उंची घेतली. माती हातात घेऊन दाबून पाहिली. डबा धरला. मी आकडे लिहीत होते. कुठल्याही शेतात करतात तेवढंच, त्याच क्रमानं. मग त्यांनी तक्ता माझ्याकडून घेतला आणि मालकाच्या नावाच्या रकान्यात स्वतः लिहिलं: गयाबाई किसन खिल्लारे.

"काय लिहिलंस?" बाबारावानं विचारलं.

"मालकाचं नाव."

"आन कसतंय कोण?"

"तुमी."

"मग?"

"कसणाऱ्याचा रकाना ह्यात न्हाई."

म्हातारा एक पाऊल पुढं आला. "दहा वर्षं झाली, गौतम. मी राखली म्हणून हाय. न्हाईतर कुंदा माजला असता."

"हो," खिल्लारे म्हणाले. "चांगली राखलीय. पीक चांगलं हाय."

तेही त्यांनी तक्त्यात लिहिलं. शेरा: पीक चांगले. मग यंत्र पेटीत ठेवलं आणि चालत येऊन जीपमध्ये बसले. बाबाराव बांधावर तसाच उभा होता.

दहाएक मैल गेल्यावर रहीमभाईंनी आरशात पाहिलं. "साब, चप्पल?"

खिल्लारेंनी आपल्या पायांकडे पाहिलं. काळी माती सुकली होती.

"राहू द्या," ते म्हणाले.

तक्त्यावर मालकाचा अंगठा लागायचा. त्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले, पहिल्यांदाच. स्टेशनमागच्या वस्तीत दोन खोल्या. त्यांच्या आई, गयाबाई, जिनिंगमध्ये कामाला जायच्या निघाल्या होत्या. लहानखुऱ्या, फार बारीक आवाजाच्या. खिल्लारेंनी त्यांच्यासमोर तक्ता धरला.

"काय पेरलंय त्यानं?" त्यांनी विचारलं.

"करडई."

"ज्वारीची जमीन ती." त्या अंगठ्याला शाई लावून घेत होत्या. "हे कशापायी?"

"ही जमीन तुझी हाय म्हणून."

"मला म्हाईत हाय की. त्यानला सांग."

मला त्यांनी चहा दिला. कपात दिला, मी घेतला. खिल्लारेंनीही घेतला.

आम्ही ऑफिसकडे चालत निघालो तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, बारा वर्षं एखाद्यानं बिनतक्रार कसली तर तो तिच्यावर हक्क सांगू शकतो. माहीत हाय ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्यापासून. मी मोजत होतो. बारा होऊ देणार होतो." थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "मग संपलं असतं."

त्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा रजा टाकली. दोन दिवस. सातबारा अजून गयाबाईंच्याच नावावर होता. तहसीलमध्ये अर्ज केला, सोबत आमच्या तक्त्याची नक्कल जोडली. कारकुनानं नक्कल परत दिली, हा कागद काही कामाचा नाही म्हणाला. "न्हाईच कामाचा," खिल्लारे मला म्हणाले. "पण लिहिलेलं होतं, म्हणून नेलं."

तारखा दोन वर्षं चालल्या. बाबाराव पहिल्या तारखेला आला, बोलला, दुसरीलाही आला. तिसरीला त्याचा मुलगा आला, आणि पुढं कुणी आलं नाही. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात मोजणी झाली. मी गेले होते. साखळी टाकली जात होती तेव्हा गयाबाई बांधावर बसल्या होत्या, नदीकडे तोंड, गावाकडे पाठ. सरकलेला बांध निघून हद्दीचा दगड पुन्हा मूळ जागी रोवला तेव्हा मोजणीदार म्हणाला, "घ्या आजी, झाली तुमची." त्यांनी मान हलवली. बसल्या जागची माती त्यांनी हातात घेतली नाही, कपाळाला लावली नाही. ऊन लय होतं. थोड्या वेळानं त्या जीपच्या सावलीत येऊन बसल्या आणि रहीमभाईंना म्हणाल्या, "निघायचं का भाऊ?"

गावात ते राहायला गेले नाहीत. जमीन मात्र पेरायला लागले. रविवारी जायचे, पेरणीच्या वेळी रजा घेऊन जायचे. ऑफिसात काही फरक दिसला नाही. तेच स्टूल, त्याच पेन्सिली. आता आपल्या देशाचा स्वतःचा उपग्रह वर होता, चित्रं बारीक आली होती. जिथं पूर्वी चार ठिपके होते तिथं आता डझनावारी दिसायचे. त्यांनी आपलं शेत कधी शोधलं असेल तर माझ्यासमोर नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामांतर झालं. ऑफिसात पेढे आले. वस्तीतून मिरवणूक निघणार होती आणि खिल्लारेंनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली, डॉक्टरांनी हसून दिली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "मिरवणूक मोठी होती का, सर?"

"असंल. मी गेलो न्हाई."

"मग?"

"हरभऱ्यावर घाटेअळी पडली होती. फवारायला गेलतो."

पेढा त्यांनी कागदात बांधून टेबलाच्या खणात ठेवला होता. दोन दिवसांनी त्याला मुंग्या लागल्या, त्यांनी तो कागदासकट बाहेर टाकला. त्याच मार्चमध्ये योजना बंद झाली. काच, टेबल, यंत्रं, सगळ्याची यादी करायची होती, ती त्यांनीच केली. त्यांचं पद योजनेपुरतंच होतं, मला दुसरीकडे घेतलं. शेवटच्या दिवशी ते नेहमीच्या वेळी निघाले आणि जाताना म्हणाले, "येतो, मॅडम." मी मान वर करून "हो" म्हणाले, आणि पुन्हा यादी तपासायला लागले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. त्याच वर्षीच्या दिवाळीत, परभणीच्या स्टँडवर. मी मानवतला माहेरी निघाले होते. माझी चार वर्षांची मुलगी, दोन पिशव्या. गर्दी मरणाची, तरी खिडकीची जागा मिळाली होती. कुणीतरी बाहेरून पत्र्यावर हात मारला. पाहिलं तर खिल्लारे. कानशिलं पांढरी झालेली, खांद्यावर बियाण्याची पिशवी.

"मानवतला का, मॅडम?"

"सर! अहो, किती दिवसांनी. हो, मानवतला. तुम्ही कसे…"

"ही गाडी आत जात न्हाई. फाट्यावरच सोडती. लेकरू हाय, सामान हाय, चालत जावं लागंल." त्यांनी हात करून दाखवलं. "ती बघा, पाच नंबरला लागलीय. ती आत जाती."

"सर, मला तुमच्याशी जरा…"

"उतरा आधी. सुटंल ती."

मी मुलीला घेऊन, पिशव्या ओढत, दाराशी अडलेल्या माणसांतून कशीबशी खाली उतरले. मधे एक गाडी मागं येत होती, तिनं वाट अडवली. ती सरकल्यावर पाहिलं तर ते तिथं नव्हते. पाच नंबरच्या गाडीत चढून मी खिडकीशी गेले. लांब, शेवटच्या फलाटावर ते दिसले. बियाण्याची पिशवी मागच्या खिडकीतून आत सारत होते. आतून दोन हातांनी ती कुणीतरी ओढून घेतली. मग ते दाराकडे गेले. त्यांनी वळून पाहिलं नाही. आमची गाडी हलली.

गाडी आत गेली. थेट मानवतच्या स्टँडवर जाऊन थांबली. सगळे उतरले. मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. मी बसून राहिले होते. शेवटी कंडक्टर मागं आला आणि म्हणाला, "बाई, मानवत आलं."